पिकअप ‘टोचन’ करताय? फोर बाय फोर गाडी ओढण्याआधी एवढं समजून घ्या

सप्टेंबर २०२५. २२ तारखेला घटस्थापना होती आणि त्याच दोन-तीन दिवसांत धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंडा, कळंब, वाशी या तालुक्यांत पावसानं हाहाकार उडवला. सीना, मांजरा, तेरणा या नद्या पात्र सोडून शेतात आणि गावात शिरल्या. एनडीआरएफच्या बोटी आणि लष्कराची हेलिकॉप्टर आणून माणसं बाहेर काढावी लागली. पुढे ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं अतिवृष्टी आणि पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पिकं, जनावरं, घरं, विहिरी, खरडून गेलेली जमीन या सगळ्यांची चर्चा झाली.

एक गोष्ट मात्र अशा चर्चेत कधीच येत नाही. पाणी ओसरल्यावर चिखलात रुतलेल्या आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या बाहेर कशा काढायच्या? गावात त्याचं उत्तर ठरलेलं असतं. कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलवायचा, नाडा किंवा साखळी बांधायची आणि ओढायची. ड्रायव्हर लोकांच्या भाषेत ‘टोचन’ करायची. इंग्रजीतल्या ‘टो चेन’ वरून हा शब्द आला असावा. तो इतका रुळलाय की तालुक्याच्या गॅरेजपासून महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत सगळ्यांना तो कळतो.

शब्द सोपा आहे, काम सोपं नाही. त्यातही गाडी फोर बाय फोर पिकअप असेल तर चुकीच्या टोचनमुळे आधी चांगला असलेला गिअरबॉक्स जाऊ शकतो. आणि साखळी तुटली, ट्रॅक्टर उलटला तर माणूस जाऊ शकतो. म्हणूनच हे सविस्तर समजून घेऊ.

आधी गाडी ओळखा: पिकअप आहे, पण फोर बाय फोर आहे का?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यासमोर बोलेरो पिकअप येते. भाजीपाला, दूध, शेळ्या, खताची पोती, सगळं तिच्या हौद्यातून जातं. पण रस्त्यावर दिसणाऱ्या या मालवाहू पिकअपपैकी बहुतेक टू व्हील ड्राइव्ह असतात. म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते.

फोर बाय फोर पिकअप वेगळी. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परचं फोर बाय फोर मॉडेल, इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स ही त्यातली ओळखीची नावं. हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली. पवनचक्क्यांची कामं, विजेच्या लाईनची कामं, खडी केंद्रं अशा जिथं रस्ता संपतो तिथं या गाड्या लागतात. थारची रचनाही याच जातीची असल्यानं पुढे जे सांगितलंय त्यातलं बरंचसं तिलाही लागू होतं.

या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाकडून आलेली ताकद ती दोन शाफ्टमध्ये वाटते. एक शाफ्ट मागच्या एक्सलकडे जाते, दुसरी पुढच्या एक्सलकडे. गाडी ‘टू एच’ मध्ये असेल तर पुढची शाफ्ट इंजिनापासून सुटलेली असते. ‘फोर एच’ किंवा ‘फोर एल’ मध्ये मात्र पुढची आणि मागची चाकं लोखंडानं एकमेकांना जोडली जातात. पुढची फिरली की मागची फिरलीच पाहिजेत, आणि मागची फिरली की पुढची. टोचन करताना सगळी गडबड याच जोडणीमुळे होते.

मग नेमकं बिघडतं काय?

समजा गाडी ‘फोर एच’ मध्येच अडकून राहिली आहे. क्रेनवाल्यानं पुढची दोन चाकं उचलून पट्ट्यानं घट्ट आवळली आणि मागची दोन चाकं रस्त्यावर ठेवून गाडी ओढायला सुरुवात केली. मागची चाकं फिरली की मागची शाफ्ट फिरणार, ती ट्रान्सफर केसला फिरवणार आणि ट्रान्सफर केस पुढच्या चाकांना फिरवायला बघणार. पण पुढची चाकं तर बांधलेली आहेत. आता दोनच शक्यता उरतात. मागची चाकं फरफटत जाऊन टायर घासतील, किंवा ट्रान्सफर केसमधली चेन, गिअर, शाफ्टचे जॉइंट यापैकी काहीतरी तुटेल. पुढची चाकं नीट आवळलेली नसतील तर ती फिरायला लागतील आणि गाडी क्रेनवरून उसळून खाली येऊ शकते.

दुसरा धोका आवाज न करणारा आहे. गाडी बंद असते तेव्हा गिअरबॉक्समधली सगळी चाकं तेलात फिरत नाहीत. मागची चाकं रस्त्यावर असताना मुख्य शाफ्ट फिरत राहते, पण तिला मिळणारं तेल कमी पडतं. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये टाकून एक-दोन किलोमीटर सावकाश नेली तर सहसा काही होत नाही. तीच गाडी त्याच अवस्थेत तुळजापूरहून सोलापूरला, म्हणजे पन्नास किलोमीटरच्या आसपास नेली तर बेअरिंग तापून जळू शकतं. ऑटोमॅटिक गाडीत तर तेल फिरवणारा पंपच इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल बंद. त्यामुळे ऑटोमॅटिक फोर बाय फोरची चाकं जमिनीवर फिरवत नेऊच नये.

मग योग्य पद्धत कोणती?

सर्वात चांगली पद्धत एकच: चारही चाकं जमिनीवरून उचलून फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट प्लॅटफॉर्मच्या गाडीवर चढवून न्यायची. चाक फिरत नाही, शाफ्ट फिरत नाही, प्रश्नच मिटतो. अंतर जास्त असेल, गाडी ऑटोमॅटिक असेल, अपघातात एक्सल वाकला असेल किंवा गाडी पाण्यात बुडाली असेल तर दुसरा पर्याय शोधूच नका.

फ्लॅटबेड नसेल आणि दोन चाकं उचलणारी क्रेनच मिळाली तर आधी गाडी ‘टू एच’ मध्ये आणा. गिअर न्यूट्रल करा. ज्या जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे लॉकिंग हब आहेत, तिथं ते ‘फ्री’ वर करा. मागची चाकं उचलून पुढची जमिनीवर ठेवली तर ताकद देणारी चाकं हवेत राहतात आणि गिअरबॉक्सला त्रास कमी होतो. मात्र तेव्हा स्टिअरिंग सरळ ठेवून पट्ट्यानं बांधावं लागतं. नुसत्या स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर ते सोडू नये.

पुढची चाकं उचलून लांब न्यायची वेळ आलीच तर मेकॅनिककडून मागची प्रॉपेलर शाफ्ट सोडवून घ्यावी. ट्रकवाले लांबच्या टोचनला शाफ्ट किंवा एक्सल उतरवतात ते याच कारणासाठी. फोर बाय फोरमध्ये शाफ्ट दोन असतात हे मेकॅनिकच्या कानावर घालायला विसरू नका. सवयीनं एकच सोडली जाते.

इथं नव्या गाड्यांची एक अडचण आहे. जुन्या गाडीत ‘टू एच’ साठी दांडा ओढायचा असतो. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाड्यांत त्यासाठी खटका असतो आणि काम विजेच्या मोटारीनं होतं. बॅटरी उतरली किंवा पाण्यानं वायरिंग गेलं तर खटका फिरवूनही आतली जोडणी सुटत नाही. डॅशबोर्डवर खात्री होत नसेल तर गाडी ‘फोर एच’ मध्येच आहे असं धरून चाला आणि फ्लॅटबेड मागवा. ज्या गाड्या कायमच चारही चाकांवर चालतात, त्यांच्यासाठीही फ्लॅटबेडच.

आणखी एक सापळा आहे. काही गाड्यांत ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असतो. तो लावला की गाडी पहिल्या गिअरमध्ये असो की ऑटोमॅटिकच्या ‘पी’ मध्ये, चाकं मोकळीच असतात. उतारावर हँडब्रेक न लावता आणि चाकाला दगड न लावता तो न्यूट्रल टाकला तर गाडी निघून जाईल. आधी हँडब्रेक, मग चाकाला दगड, मग न्यूट्रल, हा क्रम मोडू नका. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनं काय सांगितलंय ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ‘टोइंग’ च्या पानावर असतं. शेवटचा शब्द त्या पुस्तकाचा.

दोरानं ओढायची वेळ आलीच तर?

गावात फ्लॅटबेड पटकन मिळत नाही, हे खरं आहे. अशा वेळी दोर किंवा साखळी बांधून जवळच्या गॅरेजपर्यंत नेणं भाग पडतं. पण इथं बहुतेकांचं लक्ष चुकीच्या गोष्टीकडे असतं. पुढची गाडी ओढू शकेल का, एवढंच सगळे बघतात. ओढणं सोपं असतं. कठीण असतं ते थांबणं.

थोडं गणित करू. भारतात १९८९ साली जे रस्ता नियम आले, त्यात टोचनचा वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावं असं म्हटलं होतं. ताशी २४ म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेसात मीटर. पुढच्या ड्रायव्हरनं अचानक करकचून ब्रेक मारला आणि मागच्याला ते लक्षात येऊन पाय दाबायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात मागची गाडी पावणेसात मीटर पुढे सरकलेली असते. मध्ये जागा होती ५ मीटर. म्हणजे दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखेच चांगले असले तरी धडक होणार.

ताशी ४० नं निघालात तर तोच एक सेकंद ११ मीटर खातो. ताशी १५ नं गेलात तर चार मीटरच्या थोडं वर, म्हणजे जेमतेम वाचता. २४ ही वरची मर्यादा आहे, गाठायचा आकडा नाही. दोरावर गाडी असेल तर १५ च्या आसपासच राहणं शहाणपणाचं.

आता यात मागच्या गाडीचं इंजिन बंद आहे हे धरा. डिझेल पिकअपचा ब्रेक इंजिन चालू असताना व्हॅक्यूम बूस्टरच्या मदतीनं हलका लागतो. इंजिन बंद झालं की एक-दोन वेळा दाबेपर्यंत तो नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. दोन टनांच्या आसपासची गाडी, जड स्टिअरिंग, जड ब्रेक आणि पुढे ५ मीटरवर दुसऱ्या गाडीचा पाठचा भाग, अशी ती परिस्थिती असते. म्हणून मागे बसणारा माणूस ‘नुसतं स्टिअरिंग धरायला’ बसवलेला पोरगा नको. तिथं जास्त अनुभवी ड्रायव्हर हवा.

त्यानं करायचं काम असं: चावी फिरवून ‘ऑन’ वर ठेवायची, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन चालू होत असेल आणि चालू करायला हरकत नसेल तर ते चालूच ठेवायचं. दोर सतत ताणलेला राहील एवढा हलका ब्रेक मागच्यानं लावत राहायचं, कारण सैल पडलेला दोर चाकाखाली येतो आणि पुन्हा ताणला जाताना झटक्यानं तुटतो. थांबायचं असेल तर आधी मागच्यानं ब्रेक लावायचा, पुढच्यानं नंतर. किती हॉर्न म्हणजे थांब, कुठला हात म्हणजे सावकाश, हे निघण्याआधी ठरवायचं. मोबाईलवर बोलत टोचन करायचं नाही.

उतारावर हे सगळं दुपटीनं अवघड होतं. तुळजापूरचा घाट किंवा येडशीकडचे चढउतार दोरावर उतरायचा विचारच करू नये. उतारात दोर सैल पडतो आणि मागच्या गाडीला थांबवायला फक्त तिचा तो जड झालेला ब्रेक उरतो. तिथं लोखंडी टो बार, म्हणजे मधला ताठ रॉड, दोरापेक्षा बरा, कारण मागची गाडी पुढच्यावर येऊन आदळत नाही. त्याहून बरं म्हणजे गाडी बाजूला लावून क्रेनची वाट बघणं.

चिखलातून काढणं हे वेगळं काम आहे

रस्त्यावरचं टोचन आणि रुतलेली गाडी बाहेर काढणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, चिकट होते आणि चाक धरून ठेवते. दोन टनांची रिकामी पिकअप चिखलात एक्सलपर्यंत रुतली की तिला हलवायला सपाट डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी पट जास्त ताकद लागते. हौद्यात माल असेल तर आणखी जास्त. म्हणून पहिलं काम म्हणजे हौदा रिकामा करणं. दुसरं, चाकासमोरचा चिखल खोऱ्यानं काढून फळ्या, तुराट्या, दगड टाकणं. फोर बाय फोर चालू असेल तर ‘फोर एल’ मध्ये टाकून गाडीनं स्वतःही जोर लावायचा. त्यानं दोरावरचा ताण कमी होतो. रस्त्यावर आल्यावर मात्र ‘टू एच’ करायला विसरायचं नाही.

दोर कुठं बांधायचा हे त्याहून महत्त्वाचं. कंपनीनं दिलेला टो हुक चेसीला जोडलेला असतो, बांधायचं तिथंच. बंपर, स्टिअरिंगचा रॉड, पाट्यांचे शॅकल या जागा ओढण्यासाठी बनलेल्या नाहीत. ताणलेल्या साखळीतून किंवा तारेच्या दोरातून हुक निसटला तर तो गोळीसारखा येतो. काच फोडून आत बसलेल्याला लागतो किंवा बाजूला बघत उभ्या असलेल्याला. दोराच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जुनी वाकळ टाकली तर तुटल्यावर तो उसळण्याऐवजी खाली बसतो. आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करायचं. गाडी निघताना व्हिडिओ काढायला सगळ्यात जवळ पोरंच उभी असतात, हे कुणालाही सांगायला नको.

ट्रॅक्टरवाल्यासाठी एक नियम जीव वाचवणारा आहे. दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावायचा. टॉप लिंकच्या जागी, एक्सलला गुंडाळून किंवा लिफ्टच्या हातांना उंच बांधून ओढलं तर ताण मागच्या एक्सलच्या वर येतो. गाडी हलत नाही, ट्रॅक्टरची मागची चाकं रुततात, पुढची उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे, ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. हे इतक्या झटपट होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. पुढची चाकं थोडी जरी उचलली तरी थांबायचं. आणखी रेस देणं हा उपाय नाही.

पाण्यात बुडालेली पिकअप

पुरानंतर होणारी सगळ्यात महाग चूक म्हणजे ‘चालू होते का बघू’. एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असेल तर ते सिलिंडरमध्ये शिरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करून गाडीला गिअरमध्ये चालू करायला गेलात तर आणखी जोरात वाकतो.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सलना हवा खेळण्यासाठी छोटी छिद्रं किंवा नळ्या असतात. गाडी पाण्यात उभी राहिली तर तिथून पाणी आत जातं आणि तेल दुधासारखं पांढरट होतं. अशा तेलावर चाकं फिरवत दहा किलोमीटर टोचन केलं तर बेअरिंग खराब होऊ शकतात. म्हणजे पुरातून वाचलेली गाडी गॅरेजच्या वाटेवर खराब होते. बुडालेली फोर बाय फोर फ्लॅटबेडवरच न्यावी, ते यासाठी.

कायदा काय म्हणतो?

१९८९ च्या नियमांनी घालून दिलेली चौकट साधी होती. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी, गावोगाव फिरवू नये. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्स असलेला माणूस स्टिअरिंगवर हवा, किंवा स्टिअरिंगची चाकं क्रेननं जमिनीवरून उचललेली हवीत. अंतर ५ मीटरच्या आत. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असं लिहिलेलं हवं आणि अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच हवीत. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या मोटार वाहन ड्रायव्हिंग विनियमांनी घेतली. टोइंगसाठी त्यातही वेगळी तरतूद आहे.

पाटीचा नियम हसण्यावारी नेला जातो, पण रात्री तोच कामाला येतो. बॅटरी उतरलेल्या पिकअपला मागचा दिवा नसतो, हझार्ड लाईट नसतात. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात फक्त एक हळू सरकणारी काळी पेटी दिसते, आणि तीही अगदी जवळ आल्यावर. मधून घुसायला गेला तर दोर त्याला दिसतच नाही. दोराला लाल कापड, मागे रिफ्लेक्टर पट्टी आणि शक्य असेल तर मागून दिवे लावून चालणारी तिसरी गाडी, एवढं करता येतं. करता येत नसेल तर सकाळपर्यंत थांबणं परवडतं.

विमा मिळतो का?

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, अपघातानंतर गाडी गॅरेजला नेण्याचा खर्च विम्यात असतो, पण मर्यादेत. वर्षानुवर्षं चालत आलेल्या प्रमाणित अटींत खासगी कारसाठी ही मर्यादा एका अपघाताला १,५०० रुपये आहे. फ्लॅटबेड लांबून मागवली तर एवढ्यात भागणं कठीण. नुसत्या बिघाडासाठी तर रोडसाईड असिस्टन्सचं वेगळं कव्हर लागतं. बुडालेलं इंजिन चालू करायला जाऊन तुटलं तर ते ‘इंजिन प्रोटेक्ट’ सारखं कव्हर नसताना सहसा नाकारलं जातं.

दुसरी गोष्ट ओढणाऱ्यासाठी. मालवाहू गाड्यांच्या प्रमाणित पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यात एका बंद पडलेल्या गाडीला ओढण्याची मुभा असते, पण मोबदला न घेता. म्हणजे मदत म्हणून शेजाऱ्याची गाडी ओढली तर चालतं. पाचशे रुपये ठरवून ओढली आणि वाटेत कुणाला धडक बसली तर विमा कंपनी बोट ठेवू शकते. आपल्या पॉलिसीवरचा हा बारीक मजकूर एकदा वाचून ठेवलेला बरा.

मदत कुठं मिळते, आणि कुठं मिळत नाही?

धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. ५२ क्रमांकाचा सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून बीडकडे जातो. ६५ क्रमांकाचा सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा करत हैदराबादकडे. या रस्त्यांवर गाडी बंद पडली तर १०३३ हा महामार्ग हेल्पलाईनचा नंबर आहे. टोलच्या रस्त्यावर पेट्रोलिंगची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणं ही टोल चालवणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी असते. क्रेनचं मुख्य काम रस्ता मोकळा करणं आहे, तुमच्या पसंतीच्या गॅरेजला पोचवणं नाही. पण गाडी सुरक्षित जागी जाते, आणि अर्धी लढाई तिथंच जिंकली जाते. क्रेन आली की पहिलं वाक्य हेच बोला: “गाडी फोर बाय फोर आहे.” बाहेरून ते कळतंच असं नाही. कुणी जखमी असेल तर ११२.

महामार्ग सोडून आत गेलं की चित्र बदलतं. भूम आणि परंडा ही गावं या दोन्ही चारपदरी रस्त्यांपासून आत आहेत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्याचा मोठा तडाखा तिकडंच बसला. तिथं १०३३ ची क्रेन येत नाही. येतो तो शेजारचा ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरवाल्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं की दोर ड्रॉबारलाच लाव, किंवा या गाडीच्या दोन्ही शाफ्टचं बघ. गाडी रुतते ती मुळात पाणंद रस्त्यावर. राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती याच दुखण्यासाठी. पण रस्ते होईपर्यंत पावसाळे थांबत नाहीत.

यावर उपाय फार महाग नाही. पावसाळ्याआधी तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत बोटी, जनरेटर, जेसीबी यांच्या याद्या होतात. त्याच यादीत तालुक्यातल्या फ्लॅटबेड आणि हायड्रा क्रेनवाल्यांचे नंबर टाकता येतात. ग्रामपंचायतीनं एक दर्जेदार रिकव्हरी पट्टा, दोन शॅकल, एक टो बार आणि ‘ऑन टो’ ची पाटी घेऊन ठेवली तर तो खर्च एका जळालेल्या ट्रान्सफर केसपेक्षा कमीच होईल. पुरात रुतलेली पिकअप ही त्या घराची दूध डेअरी असते, भाजीची बाजारपेठ असते, दवाखान्याची गाडी असते. ती धडपणे गॅरेजला पोचली तर घर आठवडाभरात पुन्हा कमवायला लागतं.

फोन सेव्ह करण्याआधी हे सेव्ह करा

• हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा, मगच बाकीचं.
• ‘टू एच’ आणि न्यूट्रल. खात्री नसेल तर फोर बाय फोर लागलेलीच आहे असं धरा.
• ऑटोमॅटिक, बुडालेली किंवा एक्सल वाकलेली गाडी असेल तर फक्त फ्लॅटबेड.
• चावी ‘ऑन’ वर, मागे लायसन्सवाला अनुभवी ड्रायव्हर. हौद्यात कुणीही नाही.
• दोर चेसीच्या हुकला. ट्रॅक्टरचा दोर ड्रॉबारला. मध्ये ओलं पोतं.
• वेग ताशी १५ च्या आसपास, जवळच्या गॅरेजपर्यंतच. घाट नाही, रात्र नाही.
• पुढची गाडी मागच्या गाडीइतकी तरी जड हवी.
• महामार्गावर १०३३, जखमी असेल तर ११२.